गेटचा हिरवा

किरणोत्सव उरकून आठ दिवस झाले.
शिकलगार चाचा म्हणाले, हाच आठवडा.
नंतर वारं सुटलं
की ओल्या रंगावर
उद्यमनगरातली सगळी फौंड्री येऊन बसते.

म्हणून राजारामपुरी, आठवी गल्ली, मागचं अंगण.
कपड्यांच्या दोरीखाली माझी चेतक.
(बाईमाणसाची गाडी न्हवं ती, म्हणाले होते सगळे.
पंचवीस वर्षं झाली त्याला.)
सीट काढलेलं, आरसे काढलेले,
हेडलाइटवर वर्तमानपत्र चिकटवलेलं.
मोतीबिंदू काढून आलेल्या बाईसारखी
बसलीय गप्प.

इंजिनवरचं झाकण पिशवीत घालून
लक्ष्मीपुरीत नेलं होतं, शेड जुळवायला.
दुकानदारानं ते दारात उजेडाला धरलं,
नखानं टोकरलं.
"ताई, ह्यात कंपनीचा मरून निम्मा.
उरल्यालं ऊन हाय.
रंग देतो. ऊन काय डब्यात येत न्हाई आमच्याकडं."
मग काळ्याचे दोन थेंब, पिवळा चिमूटभर,
ढवळत राहिला, बघत राहिला,
शेवटी झाकण ठोकलं :
"ऱ्हाऊ दे. एवढंच जमतंय."

चाचांचे हात थरथरतात आता.
ट्रकच्या फाळक्यावर मोर काढणारे हात,
चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरतात.
ब्रशला, गनला शिवत नाहीत.
खुर्चीत बसून ऐकतात.
"पेपर कोरडा चाललाय. पाणी मार."
"दाबू नको. भांडी घासतीस का?"

डाव्या डिक्कीवर तो ओरखडा, वीतभर.
घरी सांगितलेलं :
कावळा नाक्यावर उसाच्या ट्रॅक्टरनं घासलं.
ट्रॅक्टरवाल्याला चार शिव्याही घातल्या होत्या मी,
जेवताना, सगळ्यांदेखत.
ह्यांनी आणखी दोन घातल्या.

चारशेचा पेपर, पाणी, एकाच दिशेनं.
तळातला मळ सुटला
आणि खाली निघाला हिरवा.
केसाएवढा, पण हिरवाच.
आमच्या गेटचा.

चाचांनी चष्मा पुसला.
"ट्रॅक्टर हिरवा हुता?"
"लाल होता," म्हणाले मी.
का म्हणाले कोण जाणे.
त्यांनी मान वळवून गेटकडं बघितलं,
मग म्हणाले, साखर कमी टाक चहात.

लांबी भरली. वाळली. पुन्हा घासली.
चाचांनी डोळे मिटून तळहात फिरवला,
तापलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा.
"हितं. गव्हाच्या दाण्याएवढा खड्डा."
मला दिसेना.
"आत्ता न्हाईच दिसायचा.
रंग चढल्यावर अख्ख्या गल्लीला दिसंल."

भाड्याचा कॉम्प्रेसर धडधडला,
शेजारच्या पुजारी वहिनींनी खिडकी लावून घेतली.
पहिला हात पातळ, दुसऱ्याला घाई केली
तर खालच्या कडेला एक ओघळ आला,
आणि एक चिलट
सरळ मधोमध येऊन बसलं, तिथंच राहिलं.
सुईनं काढ म्हणाले चाचा. पाय राहिले दोन.

चाचांना सोडायला गेटपर्यंत गेले.
खांबावर, गुडघ्याच्या उंचीला,
मरून रेघ. वीतभर.

पण गेटला नंतर दोनदा रंग लागलाय.
एकदा सुहासच्या लग्नाला,
एकदा गेल्या दिवाळीत, हे स्वतः
पाटावर बसून, डबा मांडीशी घेऊन.
वाकून बघितलं :
रेघेच्या दोन्ही बाजूंना हिरवा
थांबलाय सरळ,
टेप लावल्यासारखा.

सात वाजता हे आले, रंकाळ्याला चक्कर मारून.
डिक्कीसमोर उभे राहिले, बोट लावलं नाही.
"डावीकडचं जरा वेगळं दिसतंय."
"उन्हात राहिलं की येईल वळणावर."
"येतंय की," म्हणाले.
आणि परत जाऊन
उघडं राहिलेलं गेट लावून आले,
खांबाला न घासता, हळू.